चार मीटर पूर्वेला

बुधवार, १९ नोव्हेंबर २०२५

कोळशाचे दिवस संपले म्हणून सगळे ओरडतात, आणि आमच्या विदर्भातल्या वीजकेंद्राला आणखी एक युनिट — पाचवं! पहिल्या दोन युनिटांची ड्रॉइंग्ज मी हाताने काढलेली. शाईने, ट्रेसिंग पेपरवर. म्हणून निवृत्तीनंतरही दादरच्या ऑफिसने आठवड्यातून दोन-तीन दिवस बोलावलंय. देविका नावाची इंजिनिअर आहे, आमच्या लेकीपेक्षा, प्राचीपेक्षाही लहान. म्हणते, "काका, तुमचं अक्षर छापल्यासारखं आहे." असणारच!

गुरुवार, २०

आमची ड्रॉइंग रूम कुठे होती ते देविकाला दाखवलं. तिथे आता कॉफीचं मशीन. शेजारच्या बोर्डावर रमाकांत बसायचा. डिलाईल रोडच्या चाळीतून रोज चालत यायचा. भारी हुशार, पण दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची खोड. एकदा मी रजेवरून आलो तर माझा खण उघडलेला, ट्रेसिंग्ज मागेपुढे झालेली आणि शाई खरवडायचं माझं ब्लेड बोर्डावर तसंच पडलेलं. डोकंच फिरलं. तडक साहेबांकडे तक्रार. रमाकांतने तोंडातून शब्द काढला नाही. त्याला प्रिंटरूममध्ये बसवलं, दिवसभर अमोनियाच्या वाफेत प्रिंट काढायला. वर्षभर खोकला आणि नोकरी सोडून गेला.

यंदा दिवाळीत दादरच्या फुलबाजारात दिसला. त्याने हात केला. मी शेवंती निवडत राहिलो. शिस्त म्हणजे शिस्त.

शुक्रवार, २१



देविकाने नव्या युनिटच्या पायाचं ड्रॉइंग दाखवलं. सोमवारपासून जमिनीत पाइल, म्हणजे पायाचे खोल खांब, उतरवायला सुरुवात. बाजूने जुना भुयारी डक्ट जातो, चालू युनिटांना थंड पाणी नेणारा. बघता बघता आठवलं. ८९ साली साइटवरून पत्र आलं होतं — खडक लागला, डक्ट चार मीटर पूर्वेला सरकवला, मूळ ड्रॉइंग दुरुस्त करा. पत्र वाचल्याचं आठवतं. दुरुस्ती केल्याचं आठवत नाही! वीजकेंद्राने देविकाला जी जुनी प्रिंट स्कॅन करून दिली, तिच्यात डक्ट पहिल्याच जागी. म्हणजे अकरा पाइल थेट डक्टमध्ये. डक्ट फुटला तर खड्ड्यातली माणसं गेली.

आणि मी काय केलं? पोट बिघडलं म्हणून सांगून घरी आलो. भेकड!

शनिवार, २२

घास उतरेना. लीला म्हणाली, "काय गिळून बसलात? बोला तरी." सांगितलं. ती कांदा चिरता चिरता म्हणाली, "उद्या पेपरात आलं तर तुमच्याने वाचवेल का?"

लगेच देविकाला फोन केला. सगळं सांगितलं, चूक माझीच असणार हेही. तिने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "काका, बरं झालं बोललात." संध्याकाळी तिचाच फोन. तिचा साहेब हितेंद्र भडकला होता — "छत्तीस वर्षांपूर्वीच्या आठवणीवर काम थांबवायचं?" पण पोरीने थांबवलं! आधी हाताने खणून बघा, म्हणाली. पोटभर वरणभात जेवलो. आता जे व्हायचं ते होवो, छातीवरचं ओझं उतरलं.

रविवार, २३

काही नाही. फोन दहादा बघितला.

मंगळवार, २५

सापडला! बरोब्बर चार मीटर पूर्वेला!! दुपारी बाराला कुदळीखाली काँक्रीट लागलं. देविका फोनवर हसत होती की रडत होती, कळेना. पाइलची जागा बदलणार. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. हितेंद्रही म्हणाला, "काका, वाचवलंत." खाली जाऊन दोन ग्लास पियूष प्यायलो. डायबेटिस गेला खड्ड्यात!

गुरुवार, २७

याहून चांगली बातमी! कंपनीची जुनी ट्रेसिंग्ज शिवडीच्या एका गोदामात पडून आहेत. देविका तिथे धुळीत बसून मूळ ट्रेसिंग शोधून आली. डक्टची शाई खरवडून तो चार मीटर सरकवलेला, शेजारी दुरुस्तीची नोंद, खाली माझी सही. म्हणजे मी केलं होतं! वीजकेंद्राकडे दुरुस्तीच्या आधीची प्रिंट राहिली, एवढंच. उगाच आठ दिवस स्वतःला खात बसलो.

लीलाला म्हटलं, "बघ, माझ्या कामात चूक व्हायची नाही." ती म्हणाली, "बरं. आता झोपा." दुपारभर असा झोपलो की चहाला हलवून उठवावं लागलं.

शुक्रवार, २८

देविकाने त्या कोपऱ्याचा फोटो पाठवला, आठवण म्हणून. मोठा करून पाहिला. तारीख १४ मार्च १९८९.

त्या दिवशी प्राची झाली. साइटचं पत्र खणात टाकून मी परळच्या हॉस्पिटलात पळालो होतो. आठवड्याची रजा. परत आलो तेव्हा खण उघडलेला.

सही हुबेहूब माझी. पण डक्टच्या मापातल्या सातच्या पोटात आडवी रेघ आहे. मी अशी कधी काढत नाही. रमाकांत काढायचा.

साहेबांसमोर तो बोलला असता, तर मी पत्र तसंच टाकून गेलो हे बाहेर आलं असतं.

चपला घातल्या. काढल्या. लीला म्हणाली, "कुठे निघालात?" म्हटलं, डिलाईल रोडला. परत घातल्या.