ताई, तू फोन तिला केलास

जैनथ, २२ डिसेंबर २०२५

प्रिय प्रतिभाताई,

मनापासून जय भीम. भाऊजींचा खोकला कमी झाला का? आमचा कापूस वेचून झाला, घरी सारे ठीक. फोन न करता लिहून राह्यली, कारण फोनवर माझा आवाज तुला लगेच कळतो.

ताराबाईची हर्षाली सरपंच झाली, हे तुझ्या कानावर आलंच असेल. विहारासमोर बायकांनी निळा गुलाल उधळला, नाचल्या. मीही नाचली. लोक पाहून राह्यले होते म्हणून.

आपण 'आपलं मत महिला मंडळ' काढलं तेव्हा बायका नवऱ्याला विचारायच्या, "शिक्का कुठं मारू?" बटाटा कापून आपण शिक्का केला. मतपत्रिकेची घडी कशी घालायची, शाई दुसऱ्या चित्रावर कशी उमटू द्यायची नाही, ते विहारात बसवून शिकवलं. मग तू लग्न होऊन किनवटला गेलीस. त्यानंतर बायकांची नावं मतदार यादीत घालणं, उमेदवारांना बोलावून सगळ्यांसमोर प्रश्न विचारणं, हे मीच रेटलं. हर्षाली तेव्हा आईचा पदर धरून यायची.

आता ती सरकारी हापिसात, जिथं मराठी चालत नाही, तिथं खडाखडा तेलुगू बोलते. माझं अडखळतं. बायका कामं घेऊन माझ्या दारावरून तिच्याकडे जातात, अन् जाताना मला हाकही मारतात, तेच जास्त लागतं.

यंदा सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. मी नवी साडी आणून ठेवली होती. वाटलं, कोणीतरी म्हणेल, रंजीताबाई, तुमी उभ्या राहा. मंडळाच्या बैठकीत हर्षालीचं नाव निघालं अन् साऱ्यांचे हात वर गेले. मीही हात वर केला.

उमेदवारांच्या सभेत प्रश्न मीच विचारत होती. तिची पाळी आली तर तोंडातून निघालं, "उद्या लग्न होऊन तू गेलीस, तर आमी सरपंच कुठून आणायचा?"

बाईला लग्नाचं विचारायचं नाही, हा नियम तर तूच केलेला.

ती म्हणाली, "मावशी, ज्याला मी पाहिजे, तो इथं राहायला येईल. पण तुमच्याच गल्लीत नळाला पाणी नाही, ते काऊन नाही विचारून राह्यल्या?"

बायकांनी टाळ्या वाजवल्या. ताराबाईनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

निकालानंतर हर्षाली पेढे घेऊन घरी आली. "मंडळ तुमीच चालवा," म्हणाली. "मलाही सगळ्यांसारखं समोर बसवून प्रश्न विचारा. तुमी सोडणार नाही, मला माहीत आहे." दारातून निघताना सहज बोलली, "मला कुठं धीर होता? प्रतिभामावशींनी फोन करून उभी केली."

पेढा तोंडात होता, कसातरी गिळला.

ताई, तू बरोबरच केलंस. ती माझ्यापेक्षा चांगली सरपंच होईल, हे मला त्या सभेतच कळलं होतं. पण आधी मला एकदा विचारायचं. मी आपणहून तिचं नाव सुचवलं असतं. नसतं सुचवलं, खरं सांगते. तरी विचारायचं.

संक्रांतीच्या सुट्टीत पोरांना घेऊन ये. हर्षालीकडे जेवायला खुशाल जा. पण सामान माझ्या घरी टाक, अन् झोपायला माझ्याकडे ये.

हर्षालीच्या कितीतरी आधीपासूनची तुझी,
रंजीता