आतली बाजू

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच कुठेतरी कोंबशील, अशी धास्ती वाटते. म्हणून महत्त्वाचं ते आधी लिहिते. आई आहे, पण आता थोडेच दिवस. डॉक्टरीणबाई दर सोमवारी येतात. गेल्या खेपेला त्यांनी नाडी पाहिली, पायांची सूज दाबून पाहिली आणि बाहेर पायरीवर येऊन मला म्हणाल्या, पुढच्या महिन्याचे बेत करू नकोस. तुझा पत्ता चादरींची गाडी चालवणाऱ्या काकांनी दिला. म्हणाले, तुझी बहीण त्या मोठ्या धुलाईत चाळीस बायांवर देखरेख करते, तिच्यापुढे गठ्ठे उतरवताना मीसुद्धा सरळ उभा राहतो. म्हणजे दोन वर्षं आपल्या कॅरव्हॅन-तळाच्या चादरी तुझ्याच हाताखालून धुऊन येतायत आणि मला त्याची गंधवार्ता नाही. तुला मात्र असणार. गठ्ठ्यावर तळाचं नाव लिहिलेलं असतं, आणि ते लिहिणारी मीच.

तळ आहे तसाच आहे. पाहुण्यांच्या बारा कॅरव्हॅन ओळीत चाकांवर उभ्या, आणि कुंपणाला टेकून तेरावी आपली. मालक थकलेत, काठी घेऊन फिरतात, पण आवाज अजून पहिल्यासारखाच. शनिवारी दहाला जुने पाहुणे निघतात, दोनला नवे येतात, मधल्या चार तासांत बारा घरं झाडूनपुसून तयार. आता मी एकटी आणि हाताखाली एक बाई. वाटेसाठी कोपरा कापलेल्या गादीला रबर लावलेल्या तयार चादरी मिळायला लागल्या आहेत, माहीत असेल तुला. चढवली की बसली. दोन मिनिटांचं काम. पहिल्यांदा ती चादर हातात आली तेव्हा मी सात नंबरमध्ये पलंगाच्या कडेला बसून राहिले आणि ती बाई मला विचारत होती की तुम्हाला चक्कर येतेय का.

आई आपल्या कॅरव्हॅनमधल्या त्या पक्क्या पलंगावरच आहे. तो हलवता येत नाही, हे तुला सांगायला नको. डोक्याशी भिंत, पायाशी कपाट, पलीकडे खिडकीची भिंत, आणि जायला यायला ही एकच बाजू, तीसुद्धा कोपरा कापून केलेल्या वाटेतून. रिकाम्या पलंगाची चादर बदलायला आपण दोघी लागत होतो. आता त्यावर माणूस असतं आणि बदलणारी मी एकटी. नर्सबाईंनी मला रुग्णाखालची चादर बदलायची रीत दाखवली. त्याला पलीकडे कुशीवर वळवायचं, जुनी चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची, तिच्यामागे नवी पसरायची, मग पलंगाला वळसा घालून दुसऱ्या बाजूनं ओढून घ्यायची. मी म्हटलं, बाई, वळसा घालून मी खिडकीबाहेर जाईन. त्या हसल्या, मग वाकून पलंगाच्या तिन्ही बाजू पाहू लागल्या. शेवटी माझी मीच रीत बसवली. अर्धी चादर झाली की गादीवर चढते, भिंत आणि आई यांच्यामधल्या वीतभर जागेत गुडघे टेकते, तिला माझ्यापासून दूर, वाटेच्या बाजूला वळवते, आणि तिच्या पाठीमागून जुनी चादर काढून नवी ताणते. मग उलट्या पावली, तिला धक्का न लावता, गुडघ्यांनी मागे मागे सरत खाली उतरते. दिवसातून दोनदा, कधी चारदा.

आतली बाजू तुझी होती. आठवतं ना? आईनं कामं वाटून दिली होती तेव्हा मी सात वर्षांची आणि तू बारा. तू चपळ, म्हणून आत, गुडघ्यांवर. मी सावकाश, म्हणून बाहेर उभी, पायथा आणि कापलेला कोपरा माझा. आपली शाळाही तीच. बाबा गेल्यावर आई आपल्याला घेऊन तळातळांवर हिंडली, म्हणून पाटीदप्तर कधी धड झालंच नाही. काटकोन मी उशीच्या अभ्र्यावर शिकले आणि अपूर्णांक चादरीच्या घड्यांवर. अक्षरं आपण धुलाईच्या याद्यांच्या पाठीवर गिरवली. तुझं अक्षर पाहून आई म्हणायची, हिला कुणी मागे लागलंय का. माझं पाहून म्हणायची, ही एका 'क'ला म्हातारी होईल, आणि तेव्हापासून माझं नाव मोजपट्टी पडलं. आणि एक गोष्ट ती रोज शिकवायची, की पाहुणा अंथरुणावर पाठ टेकतो तो आपल्या भरवशावर. त्यानं चादर उचलून खाली बघावं अशी वेळ येता कामा नये.

म्हणून तो कोपरा. चादरी तेव्हा चौकोनी, गादीचा एक कोपरा कापलेला, तिथे कापडाचा बोंगा उरायचा. आईचा नियम असा, की त्याची चुणी घालून ती गादीखाली वळवायची आणि पांढऱ्या दोऱ्यानं दोन सैल टाके घालायचे. धुवायच्या वेळी ते टाके उसवायचे. बारा पलंग, चोवीस टाके, दर शनिवारी. तू कुरकुरायचीस, टाचण्या लावल्या तर काय आभाळ कोसळेल, म्हणायचीस. सगळ्यांसमोर म्हणायचीस, मालकांसमोरसुद्धा. तुझ्या तोंडाला कधी कुलूप नव्हतं.

त्या शनिवारी काय झालं ते तुला मी काय सांगणार. पण आठ वर्षांत मी ते कुणापुढे बोललेले नाही, तर एकदा ओळीनं लिहू दे. सात नंबरमधल्या कुटुंबाचा लहान मुलगा पलंगावर उड्या मारत होता, कोपऱ्यावर गुडघ्यावर पडला, आणि टाचणी आत जाऊन मोडली. टोक काढायला दवाखान्यात न्यावं लागलं. परत आल्यावर त्याच्या वडिलांनी ती मोडकी टाचणी मालकांच्या टेबलावर ठेवली. मालक आपल्या दारात आले आणि म्हणाले, ज्या हातानं ही लावली तो हात उद्या तळावर दिसता कामा नये, नाहीतर तिघींनी कॅरव्हॅन रिकामी करा. आईनं आपल्या दोघींकडे पाहिलं. फार वेळ नाही, पण मला तो पुरे झाला होता. मी तोंड उघडलंही असेल. मग आईनं तुझ्याकडे बोट केलं. म्हणाली, ही. हिला धीर म्हणून नाहीच, कधीपासून टाचण्या टाचण्या करत होती. माझ्या हाताखाली असली निष्काळजी मुलगी नको.

तू माझ्याकडे पाहिलंस. कोपरा माझा होता, हे तुला ठाऊक, मला ठाऊक. टाचणी मी लावली होती. दोऱ्याची गुंडी तीन नंबरमध्ये विसरले होते, पावणेदोन वाजले होते, आणि परत जाऊन आणते म्हटलं असतं तर आई म्हणाली असती, मोजपट्टीनं पुन्हा उशीर केला. म्हणून तुझ्या ओढणीची टाचणी खिडकीत पडलेली होती ती घेतली. पुढच्या शनिवारी काढून टाके घालीन, असं मनाशी ठरवलं होतं. चादरीवर एक सुरकुती राहिली तरी आपणहून सांगणारी मी, त्या दिवशी गप्प बसले. तू एक शब्द बोलली नाहीस. तू, जिच्या तोंडाला कुलूप नव्हतं. पिशवी भरलीस, सकाळच्या बसनं गेलीस. मला तुझा राग आला, हेही लिहिते, कारण खरं आहे. तू ओरडली असतीस, माझं नाव घेतलं असतंस, तर मी सुटले असते. तुझ्या गप्प बसण्यानं मला आयुष्यभराचं बांधून ठेवलं. चांगुलपणा करायचा तर निदान विचारून तरी करायचा होतास.

आठ वर्षं आईनं तुझं नाव घेतलं नाही. मी एकदा घेतलं तर उठून बाहेर गेली. मला वाटायचं, तिनं खरंच तुझंच काम समजलं असेल. रात्रंदिवस मी तेच पकडून होते, की बिचारीची चूक झाली. आणि मी दर शनिवारी बाराही पलंगांचे टाके दोनदा तपासायची, मग तिसऱ्यांदा. मालक म्हणायचे, तुमची धाकटी देवाघरी गेली तरी तिथल्या गाद्या उलटून बघेल. आई हसायची नाही.

थंडी सुरू झाली तसं तिचं डोकं मागेपुढे व्हायला लागलं. मी पायथ्याशी उभी असले की ती मला बरोबर ओळखते. माझ्या नावानं हाक मारते, पाणी मागते, दार लावलंस का विचारते. पण मी आतल्या बाजूला चढले आणि माझ्या गुडघ्यांनी गादी दबली, की मी तू होते. आत गुडघ्यांवर बसणारी म्हणजे थोरली, एवढं तिच्या अंगाला पक्कं माहीत आहे. मला पाठ करून म्हणते, आलीस का गं, जेवलीस का, किती वाळलीस. ताई, इतक्या मऊ आवाजात ती माझ्याशी कधी बोललेली नाही.

पहिले कितीतरी दिवस मी तिला सुधारत राहिले. आई, मी ताई नाही, मी धाकटी. मग ती विचारायची, थोरली कुठेय? मी सांगायची, गेली. का गेली? तू घालवलंस. खोटं बोलायचं नाही, हे तिनंच शिकवलेलं. मी जणू धडा म्हणून दाखवत होते. ती प्रत्येक वेळी नव्यानं ऐकायची आणि प्रत्येक वेळी नव्यानं रडायची, दिवसातून दोनदा, कधी चारदा. नर्सबाईंनी एकदा ते ऐकलं आणि मला बाहेर ओढून म्हणाल्या, अगं बाई, हो म्हण ना, तुझं काय झिजतं? मी म्हटलं, खरं ते खरं. त्या म्हणाल्या, तुझं खरं तू चहाबरोबर घे, म्हातारीला कशाला पाजतेस. मी ऐकलं नाही. आता विचार करते तेव्हा वाटतं, मी तिला सुधारत नव्हते. मला ते वाक्य आवडायला लागलं होतं. तू घालवलंस. दरवेळी म्हटलं की माझ्यावरचं थोडं तिच्यावर सरकायचं.

आणि आता मंगळवारचं. सकाळचं अंथरूण बदलत होते. मी आत, ती वाटेकडे तोंड करून. जुनी चादर तिच्या पाठीखालून काढत होते तेव्हा तिनं बोलायला सुरुवात केली, अगदी स्वच्छ, पूर्वीसारखं. म्हणाली, थोरले, मला माहीत होतं ते तुझं नव्हतं. कोपरा धाकटीचा. मीच तो तिला दिला होता, मला कसं माहीत नसेल? पण तुला कुठेही टाकलं तरी तू उभी राहणार. तिला टाकलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी संपली असती. एकीला घालवायचंच होतं, मग जी जगेल तिला घालवलं. वर तुला वाईट बोलले, कारण वाईट बोलले नसते तर मला तुला पाठवताच आलं नसतं. मला माफ करशील का? आणि धाकटीला यातलं सांगू नकोस, ती मोडेल.

मी गुडघ्यांवर तशीच. हातात जुनी चादर. आठ वर्षं माझ्याकडे पाहताना तिच्या मनात काय होतं ते मला एका दमात कळलं. माझी काळजीपूर्वक घातलेली प्रत्येक घडी, तिसऱ्यांदा तपासलेला प्रत्येक टाका तिनं पाहिला असणार, आणि मनात म्हटलं असणार, ही ती, जी संपली असती. मी तिची लाडकी म्हणून राहिले नव्हते. चांगली म्हणूनही नव्हते. मी टिकाऊ नव्हते, म्हणून मला ठेवून घेतलं. त्या क्षणी मला ओरडून सांगता आलं असतं की मी धाकटीच आहे आणि मी मोडलेले नाही. खरं ते खरं. पण मी म्हटलं, हो आई, माफ केलं. तुझ्यासारखं, भरभर, शब्द एकमेकांवर पाडत. तिनं डोळे मिटले. मी नवी चादर ताणली, मागे सरत उतरले आणि कपाटाला धरून उभी राहिले. तेव्हापासून ती तुला विचारत नाही. आत चढले तरी गप्प असते, शांत. नर्सबाई म्हणाल्या, बघ, किती सोपं होतं.

म्हणून हे पत्र. तिनं माफी तुझ्याकडे मागितली होती, आणि ती मी तुला न विचारता देऊन टाकली. तीही कशाची, तर माझ्याच टाचणीची. तुझ्या मनात ती द्यायची होती की नव्हती, हे मला माहीत नाही. तू आठ वर्षं तिचा द्वेष केला असशील, तर तुझा तो हक्क मी खाल्ला. तिच्या लेखी सगळं मिटलंय, ती आता निवांत जाईल, आणि खरं काय ते माहीत असलेल्या आपण दोघीच उरू. माझा 'हो' तुला मोडायचा असेल तर ती असेपर्यंतच मोडता येईल. बस अकराला पोचते. तू आलीस तर मी कॅरव्हॅनच्या बाहेर उभी राहीन, आत काय बोललीस ते विचारणार नाही, आणि मालकांना टाचणीचं त्याच दिवशी सांगेन. न आलीस तरी सांगेन, कारण निघून गेल्यावर मी संपते की जगते, हे मलाही एकदा बघायचंय. माझ्यासाठी मात्र या पत्रात माफी मागत नाही. तुझ्याकडची होती ती मी मंगळवारी वापरून टाकली.

तुझीच, पण तुझ्या जागी कधीच नसलेली,
मोजपट्टी