दादाचं पोट कोणी बघेना

४ फेब्रु., भिंगार
दादा सकाळपासून पोट धरून बसलाय. जेवला नाही. "भिंतीतल्यांनी माजा नळ बंद केलाय," एवढंच. भिंतीतले लोक त्याच्या तरुणपणापासूनचे, म्हणून मनावर घेतलं नाही. रोजच्या गोळ्या घेतल्यात त्यानं. आई गेल्यापासून त्याचं सगळं माझ्याकडेच.

५ फेब्रु.
कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. डॉ.नी जुनी फाईल वाचली नि तिथंच थांबले. "ताई, स्किझोफ्रेनिया आहे, त्यात वय. असं बोलणारच. मानसोपचारवाल्यांना दाखवा, गोळी वाढवतील." पोटाला हात नाही लावला. मी म्हटलं, खरंच दुखतंय हो. म्हणाले, भास. दादा सगळं ऐकत होता. रिक्षात म्हणाला, "सुमे, त्यो पन त्यांच्यातलाच हाय."

दुपारी
शर्ट बदलताना बेंबीखाली हात लागला. दगडासारखं टणक. ओरडलाच. लघवी कधी झालीय रे?
"मग कालपास्नं काय सांगतोय! नळ बंद हाय!"
शेजारच्या अन्वरभाईंना गाडी काढायला सांगितलीय.

६ फेब्रु., नगर, हॉस्पि.
काल कॅज्युअल्टीत तेच. "मेंटल पेशंट? धरायला माणसं आणा." आधी पोट बघा, मग आजार विचारा, असं मी ओरडले. एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पोट दाबून बघितलं, लगेच लघवीची नळी घातली. पिशवी भरत गेली तसा दादाचा चेहरा सैल पडला. रडला. मीही. प्रोस्टेट वाढलंय. किडनीवर ताण आलाय. आणखी उशीर झाला असता तर...

८ फेब्रु.
ऑपरेशन म्हणतात. सर्जन दादासमोरच मला म्हणाले, "यांना काय कळणार, तुम्हीच ठरवा." डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, त्यांना विचारून तर बघा.
विचारलं.
"गुंगी देनार?"
हो.
"मग मी झोपल्यावर राखन कोन करनार?"
मी बाहेर बसेन, आत सोडत नाहीत. खोटं सांगवेना, खरं तेच सांगितलं. दादा भिंतीकडे तोंड करून निजला.

९ फेब्रु.
नळी ओढली नाही अजून, पण हात सारखा तिकडे जातोय. मी डोळा ठेवून. नाही म्हणाला तर? जबरदस्ती करू? माझ्याच्यानं होईल?
आत्ता सर्जन आलेत. माझ्याशी बोलायला लागले तसा दादा उठून बसला.
"डाक्टर, पोट माजं हाय. हितं बसा. मला सांगा, काय काय करनार."
त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी दादाकडे हात केला.
स्टूल ओढून बसलेत.