फाटकावरचा पहारा

३ नोव्हेंबर १९०८
ग्लासगोहून आर्डनाशी गावात पोचले. शाळेमागची खोली छान आहे, समुद्र दिसतो. वरिष्ठांनी शिकवण्याबरोबर गावाचा इतिहासही लिहायला सांगितलाय. शेजारच्या बेथागबाईंनी ओटच्या भाकऱ्या आणि लोणी दिलं. सुताराने हसत उंची विचारली. पलंगासाठी असावी.

९ नोव्हेंबर
इतिहासाचं पहिलं पान मिळालं. इथे सर्वांत शेवटी पुरलेला माणूस दफनभूमीच्या फाटकावर पहारा देतो, पुढचं प्रेत येईपर्यंत. एकदा एकाच दिवशी दोन अंत्ययात्रा निघाल्या. दोन्ही घरची माणसं शवपेट्या खांद्यावर घेऊन पळत सुटली. मी हसले. बेथागबाई हसल्या नाहीत. त्यांचा ऑगस्टमध्ये वारलेला मुलगा टॉर्मॉड तेव्हापासून तिथे उभा आहे म्हणे, आणि त्याला गारठा सोसत नाही. नव्वदीचा लॅकलन म्हणाला, मला मरायला सवड नाही बाई, बटाटे काढायचेत. नव्या माणसांनी पुढे व्हावं.

२१ नोव्हेंबर
चर्चची नोंदवही पाहिली. माझ्याआधी चार शिक्षिका. चौघीही पहिल्याच हिवाळ्यात पुरल्या. प्रत्येकीच्या आधीची कबर गावातल्या माणसाची. या चौघींना पहाऱ्यातून कधी सुट्टी मिळाली, याची कुणाला फिकीर नव्हती. बेथागबाईंनी विचारलं, ग्लासगोहून तुम्हाला न्यायला कुणी येईल का. मी म्हटलं, मे महिन्यात माझी मीच जाईन.

२ डिसेंबर
खोकला. मुलांनी जळण आणणं बंद केलं. आई नको म्हणते, म्हणतात. कुणी वाईट वागत नाही. वाट पाहतात.
शुक्रवारी टपालगाडी होती. गेले नाही. मी पळाले तर पाचव्या कबरीसाठी दुसरी कुणी येईल. शाळेचा बाक फोडून जाळला.

९ डिसेंबर, दुपार
फाटकावर टॉर्मॉड दिसला. टोपी हातात. खांद्यावरचं बर्फ वितळत नाही — आणि तो कुडकुडतोय.
बेथागबाईंना सांगितलं, त्याला घरी न्या, मी उभी राहते. जिवंतपणी. मेलेलंच माणूस हवं असं कुणी ठरवलं? त्या म्हणाल्या, हे आजवर कुणी विचारलंच नाही, बाई.

१० डिसेंबर
फाटक. वही सोबत आहे. टॉर्मॉड मागे न बघता गेला.
गाव दारांत उभं — टोप्या काढून. ओरडून सांगितलं, मी मेलेले नाही. कुणी मान वर केली नाही.
खोकला थांबलाय. कडीचं लोखंड — गार लागत नाही.
न लागलं तर बरंच. मला सुट्टी नको. माझ्या जागी कुणी नको. सहावी आली तर तिला परत पाठवीन, हे फाटक मी कुणासाठीही उघ—