दोन मिनिटांची शांतता नको

प्रिय योगेशदादा,

हैदराबादला खूप उकडतंय म्हणालास. इथे ओझरलाही तेच. पप्पांनी काल कूलर काढला, तुझ्या खोलीला लावला आणि दुपारभर तिथेच झोपले. तब्येत बरी आहे त्यांची.

मी विद्यार्थी परिषदेत आहे, हे तुला माहीतच आहे. गेल्या आठवड्यात तिथे मोठा वाद झाला. आमची सचिव इन्शा हिने ठराव मांडला, की कोरोनात गेलेल्यांसाठी कॉलेजात दरवर्षी एक दिवस पाळायचा. हार, मेणबत्त्या, दोन मिनिटं शांतता. तिसऱ्या वर्षाचा रुद्र लगेच उठला. "कशाला? भाषणं होतील, फोटो निघतील. ज्यांचं माणूस गेलं त्यांना विसरू द्या ना."

इन्शाने विचारलं, "तू विसरलास?"

तो खाली बसला. मग सगळेच एकदम बोलायला लागले.

मी इन्शाच्या बाजूने हात वर करणार होते. पण रुद्रचा चेहरा बघितला आणि मला तू दिसलास. आईला पोचवून एकटाच परत आलेला, अंगणातल्या नळाखाली कितीतरी वेळ उभा राहिलेला. त्यानंतर आईचा विषय निघाला की तू उठून जायचास.

मी उभी राहिले. म्हटलं, "शांतता नको. आमच्या घरात पाच वर्षं शांतताच आहे." आणि मग मी आईबद्दल सांगतच सुटले. आपली विकेट पडली की ती टीव्हीकडे पाठ करून मेथी निवडत बसायची. कोणी चौकार मारला की विचारायची, "वळू का आता?" सगळे हसले. रुद्रही हसला, आणि खाली बघत म्हणाला, "माझी आजी सिरियलमधल्या सासूला शिव्या द्यायची." इन्शाचे अब्बू चहात बिस्किट बुडवता बुडवता डुलक्या घ्यायचे म्हणे. शिपाई कुलूप घेऊन आला तरी कोणी उठेना.

ठराव झाला, पण बदलून. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आवारात सतरंज्या टाकायच्या, चहा ठेवायचा, आणि ज्याने त्याने आपल्या माणसाबद्दल बोलायचं. घरच्यांनाही बोलावलंय. पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "योगेशला कळव."

फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून लिहितेय. आणि फक्त पप्पा म्हणाले म्हणून नाही. त्या दिवशी बोलता बोलता मी मध्येच थांबले, कारण आईचं पुढचं काही आठवेना. माझ्याकडे होतं ते तेवढंच. मी लहान होते रे. तू माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. म्हणजे तुझ्याकडे नऊ वर्षांची आई जास्त आहे, आणि ती तू अजून कुणालाच दिलेली नाहीस. शनिवारी सगळ्यांसमोर नाही बोललास तरी चालेल. नुसता माझ्याशेजारी येऊन बस. घरी येताना रस्त्यात मला तिची एखादी गोष्ट सांग, मला माहीत नसलेली.

तुझीच धाकटी,
आरोही