चौथी सवाष्ण

हेब्बाळ, बेंगळुरू
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

ती. आई,
सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नका, इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे कुणी आजारी नाही, एवढं तरी ठीक आहे. फोनच करणार होते, पण तुमचा फोन ऋतुराजभावजी उचलतात, लगेच स्पीकरवर टाकतात आणि मग सांगलीतलं सगळं घर ऐकतं. तेव्हा हे पत्र आधी तुम्ही एकट्याच वाचा. चष्मा सापडत नसेल तर देवघराच्या फळीवर बघा, नेहमी तिथेच असतो.

थंडी पडायला लागली आहे. गुडघ्याला तेल लावता की नुसतीच बाटली उशाशी ठेवता? पाच डिसेंबरची इथल्या डॉक्टरांची वेळ मी पक्की केली आहे, तेव्हा तुम्ही याल ते धरूनच. श्रीरंगही बरा असावा.

आई, मला एक शास्त्राचं विचारायचं आहे. तुमच्याशिवाय कुणाला विचारणार? इंटरनेटवर शोधलं तर एकाने होय लिहिलंय, दुसऱ्याने नाही, आणि तिसऱ्याने पूजेचं सामान विकायला काढलंय.

पुढच्या दोन खोल्या मी पाहुण्यांना देते, ते तुम्हाला माहीत आहेच. पाहुण्यांनी ॲपवर लिहिलेले अभिप्राय ऋतुराजभावजी दर रविवारी तुम्हाला वाचून दाखवतात आणि सोमवारी तुम्ही फोनवर मला शाबासकी देता. येत्या रविवारी ते जो वाचतील तो कालच्या पाहुण्यांचा असेल. तो कानावर पडायच्या आधी हे तुमच्या हातात पडायला हवं, म्हणून स्पीड पोस्टाने पाठवते आहे.

तर झालं असं. ठाण्याच्या सुखदाबाई आणि त्यांचे यजमान रत्नाकरराव यांनी दोघांसाठी खोल्या घेतल्या होत्या. शुक्रवारी देवनहळ्ळीजवळच्या एका रिसॉर्टवर त्यांच्या मुलाचं लग्न झालं. माझा नियम साधा आहे: भाडं दोघांचं, पुढे माणशी आठशे, आणि आधी सांगायचं. हा नियम करण्यापूर्वी माझ्याकडे दोघांच्या नावावर अकरा जण राहून गेले होते, तेही माझं लोणचं संपवून!

काल सकाळी मी चिकपेटेत चादरी घ्यायला गेले होते. चादरींचा भाव करतेय तोच आपल्या वॉचमनचा, शिवाप्पाचा, फोन. तो अथणीकडचा, त्यामुळे आमचं मराठीत चालतं. "अक्का, वहीत दोनच लिवल्यात. वर सहा जण गेलेत बघा. मोठी पितळी परात बी हाय संगट."

मी तिथूनच ॲपवर चार जास्तीच्या पाहुण्यांचे पैसे मागितले. सुखदाबाईंचं उत्तर आलं, "राहणार आम्ही दोघंच. बाकीचे जेवून जाणार." आता माझ्या नियमात राहणारा पाहुणा धरायचा की जेवणारा, हे मीच लिहिलेलं नाही. बसमध्ये बसून मी माझेच नियम तीनदा वाचले आणि जास्तच गोंधळले. तरी घरी पोचेपर्यंत भाषण तयार केलं होतं.

दार उघडलं तर पुरणाचा वास. माझ्या कुकरात, माझ्या गॅसवर. सुखदाबाई पदर खोचून पुरण वाटतायत, नवी सून आर्या कणकेचे दिवे वळतेय, आर्याची नणंद दूध-दही मांडतेय आणि नणंदेची आठ वर्षांची मुलगी सोफ्यावर पाय हलवत बसलीय. बोडण होतं! लग्नानंतर देवीसाठी भरायचं ते नव्या सुनेचं पहिलं बोडण, आणि परगावी असल्यामुळे त्यांना हॉटेल नको होतं, चूल असलेलं घर हवं होतं. म्हणून माझं घर घेतलं होतं.

मी म्हटलं, "सुखदाताई, तुम्ही आधी सांगायला हवं होतं. माणशी..."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चौथ्या सवाष्णीला, म्हणजे त्यांच्या मावसबहिणीला, अडचण आली होती. ती येणार नव्हती. चार सवाष्णी आणि एक कुमारिका असल्याशिवाय बोडण भरत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. सुखदाबाई मटकन खुर्चीत बसल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दारावरची पाटी त्यांनी वाचलेली होती, श्रीरंग दामले. गळ्यात मंगळसूत्र होतं.

"तुम्ही आपल्यातल्याच की हो. बसता का? हवं तर तुमचेही आठशे लावा," म्हणाल्या. हसतच म्हणाल्या, पण डोळ्यांत पाणी होतं.

मला हो म्हणायला अर्धा सेकंद लागला असेल. नाही म्हणायला एक वाक्य लागलं असतं. ते वाक्य मी अजून तुमच्यासमोर बोललेले नाही, तर परक्या बाईसमोर कुठून बोलणार?

बसले. पुरुषांना बाहेर काढलं. रत्नाकररावांना आणि नवरदेवाला शिवाप्पाबरोबर गाय शोधायला तळ्याकडे पाठवलं, बोडण नंतर गायीलाच घालायचं ना. या वस्तीत गाय शोधणं म्हणजे काय ते विचारू नका, दीड तास लागला. आत आम्ही परातीभोवती बसलो, पाचही जणींचे हात पुरणात, दुधात, दह्यात. कुमारिका म्हणजे देवीच, म्हणून मुलीला विचारत होतो, अजून काय हवं? ती म्हणे, मध. घातला. अजून? मध. बाटली संपत आली तरी तिचं समाधान होईना, आणि मला वाटायला लागलं की हिला कळलंय. वेड्यासारखं वाटलं, पण वाटलं. मग एकदम म्हणाली, "झालं, आता मला भूक लागली," आणि सगळ्या हसल्या.

तुमच्याकडचं माझं पहिलं बोडण आठवलं. मी परातीत हात घालायला कचरत होते, तर तुम्ही माझं मनगट धरून हात आत बुडवलात आणि म्हणालात, "घरच्या बाईला किळस करून चालत नाही." मला त्या वेळी राग आला होता. काल मात्र मला तिथे रडू फुटलं. आर्याला वाटलं मी फारच भाविक आहे.

त्यांनी माझी ओटी भरली. आणि जाताना ॲपवर चारही जास्तीच्या पाहुण्यांचे पैसे मान्य केले. आज सकाळी अभिप्राय आला: "पाच तारे. वहिनी घरच्यासारख्या. आमच्या सुनेच्या बोडणाला स्वतः सवाष्ण म्हणून बसल्या."

आता माझा प्रश्न. नवरा घरात राहत नसेल, तर ती बाई सवाष्ण धरायची का?

हे वाक्य लिहून मी चहा करायला उठले, चहा पिऊन पुन्हा बसले. हे असं अर्धंमुर्धं विचारून चालणार नाही. नवरा दौऱ्यावर असला तरी घरात नसतोच की. सरळ लिहिते. तुम्हाला सांगत आलो तसा श्रीरंग दौऱ्यावर नाही. तो दोन वर्षांपासून व्हाइटफील्डला राहतो. एकोणीस फेब्रुवारीला कोर्टात आमचा घटस्फोट झाला, दोघांच्या संमतीने. मारहाण नाही, दुसरी बाई नाही, तुम्ही मनात काही आणू नका. आम्ही एकमेकांशी बोलायचंच थांबलो होतो आणि मग ते थांबलेलं सोसवेना. तुम्हाला दिवाळीनंतर सांगायचं असं दोघांनी ठरवलं. दिवाळी झाली. त्याला वाटलं मी सांगेन, मला वाटलं तो सांगेल.

मंगळसूत्राचंही सांगते. ते मी काढून ठेवलं होतं. पाहुणे कुटुंबासकट येणार असले की घालते. एकट्या बाईचं घर म्हटलं की लोक चार प्रश्न जास्त विचारतात, आणि मला हप्ता भरायचा असतो. पाटी तशीच ठेवली तीही त्याचसाठी. म्हणजे सुखदाबाई फसल्या नाहीत, मी त्यांना फसवलं. पैसे मात्र मी त्यांच्याकडून नियमाप्रमाणे मागत होते!

मी हे सगळं मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण मी मानत नाही म्हणून दुसऱ्याच्या सुनेच्या परातीत हात घालायचा मला काय अधिकार? की होता? नवरा जिवंत आहे, धडधाकट आहे, त्याचं वाईट मी कधी चिंतलं नाही. मग मी कोण? मला खरंच कळत नाही, आई.

मंगळवार, १८

काल पत्र पाकिटात घातलं आणि परत काढलं. आज दुपारी सुखदाबाईंना फोन केला आणि सांगून टाकलं.

त्या म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत." रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "आम्ही ठाण्याला गेल्यावर पुन्हा करू. आर्याला कारण नाही सांगणार, काहीतरी राहिलं होतं म्हणेन. तुमचं मन मोठं आहे हो. पण पहिलंच आहे ना तिचं." इतकं नीट बोलल्या की मला भांडताही येईना. भांडायचं होतं. मी तिथे होते ना, माझा हात परातीत होता ना, मग पुन्हा का?

फोन ठेवल्यावर मी त्यांचे बत्तीसशे परत करायला घेतले. ॲप कारण विचारतं. पाहुणे आले नाहीत, रक्कम चुकली, सोय मिळाली नाही, इतर. 'इतर'वर बोट ठेवलं की पुढे लिहायला चौकट येते. तीत मी काहीच लिहू शकले नाही. शेवटी 'रक्कम चुकली' निवडलं.

सुखदाबाईंनी त्यांचं ठरवलं. त्यांचा मला राग नाही, थोडा आहे, जाईल. पण आज फोन ठेवल्यापासून एक गोष्ट मला कळली आहे, एवढी एकच. सवाष्ण असण्या-नसण्याचं मला काही नाही. श्रीरंगशिवाय मला राहता येतं, दोन वर्षं राहिले. मला भीती आहे ती तुमच्या सोमवारच्या फोनची. तो येणार नाही, याची. कोर्टाच्या कागदात घर कुणाचं, गाडी कुणाची, सगळं आहे. तुम्ही कुणाच्या, ते कुठेच लिहिलेलं नाही, आणि विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तुम्ही त्याच्या आई आहात. त्याच्याकडे उतरायचं म्हणालात तर ते बरोबरच आहे, मी दवाखान्यात भेटेन. पण पाच डिसेंबरपासून पंधरा दिवस दोन्ही खोल्या मी बंद ठेवल्या आहेत, कुणाला देणार नाही. तुम्ही आलात तरी, आणि नाही आलात तरी.

रागावून पत्र लिहिलंत तरी चालेल. फक्त लिहा.

नमस्कार कोण म्हणून करायचा ते कळत नाही. करते आहे.

शुभदा