डावा स्पीकर

आये, तुझ्या स्टिरिओला एका परक्या माणसाने हात लावलाय, आणि मी तो लावू दिलाय. तू काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. "फुकट कोण कोणाचा करता गो? तेका कायतरी व्हया आसतला." मीही हेच म्हटलं. मनात म्हटलं, आणि तोंडाने चहा घेणार का ते विचारलं.

नीट सांगते. ते आपल्याच जामसंड्यातले, दोन घरं सोडून राहतात. जन्मभर मुंबईला नोकरी केली आणि बायको गेल्यावर भावाच्या घरी येऊन राहिले. एका दुपारी रस्त्याने जाताना स्टिरिओ ऐकून आपल्या कुंपणाच्या गडग्यापाशी थांबले आणि म्हणाले, "बाईनू, तुमचो एक स्पीकर मुको आसा." मी शाळेच्या कचेरीत कारकून होते, पण गाव मला अजून बाईच म्हणतं. मला वाटत होतं, वस्तू जुनी झाली की आवाज बसायचाच, माणसाचा बसतो तसा. देवगडच्या दुकानदाराने तर सगळं मोडीत काढून नवीन घ्या म्हणून सांगितलं होतं, आणि त्याने सांगितलेली किंमत माझ्या पेन्शनला झेपणारी नव्हती. हे म्हणाले, नवीन काहीच घ्यायला नको. तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. विकणाऱ्याचा हेतू निदान कळतो. जो काही विकतच नाही, त्याचं काय करायचं?

तू तो स्टिरिओ घेतलास तो दिवस मला लख्ख आठवतो. मला शाळेत कायम केल्याचं कळलं आणि तू मासळीबाजारातून थेट त्या बदली होऊन चाललेल्या, सामान विकायला काढलेल्या बिऱ्हाडात गेलीस, मला ओढत घेऊन. रिकामी टोपली दाराबाहेर ठेवतेस, हात धुवायला पाणी मागतेस आणि जमिनीवर मांडी ठोकून म्हणतेस, "वाजवून दाखवा." ते एक गाणं वाजवतात. तू हलत नाहीस. कॅसेटच्या दोन्ही बाजू संपेपर्यंत तू बसून राहिलीस आणि मी शरमेने अर्धी झाले. येताना मी चिडले तर म्हणालीस, "एक बाजू बरी आणि दुसरी कुसलेली आसली तर?" बाजारात गिऱ्हाइकाने बांगड्याचे कल्ले उघडून बघितले तर तुला कधी राग आला नाही. न बघता घेऊन जाणाऱ्याचाच तुला संशय यायचा. घरी आणल्यावर खारा वारा लागू नये म्हणून जुन्या लुगड्याच्या खोळी शिवून स्पीकरांना घातल्यास, आणि खोळीसकटच ऐकायचीस. मीसुद्धा त्या आजवर काढल्या नव्हत्या.

त्यांनी आधी त्या खोळीच काढायला सांगितल्या. मला राग आला, पण त्यांनी त्या घडी करून माझ्या हातात दिल्या आणि "सांबाळून ठेवा" एवढंच म्हणाले. मग स्पीकर शोकेसच्या डोक्यावरून खाली आले. न्हाणीघर बांधताना उरलेले चिरे परसात पडले होते, ते धुऊन त्यावर स्पीकर बसवले, मधे माझ्या जुन्या रबरी चपलेचे तुकडे. भिंतीपासून हातभर पुढे. समोरच्या रिकाम्या भिंतीवर आवाज आपटून परत येतो म्हणून तिथे गोधडी टांगली. ती आधी भलत्याच कोपऱ्यात लावली होती, काहीच फरक पडेना, तेव्हा स्वतःच हसून म्हणाले, "ह्या फसला." आता येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, घरात बाळंतीण आहे. पण आये, तुझ्या आवडीचं भजन लावलं तर टाळ वेगळे, पखवाज वेगळा, आणि गाणाऱ्याने मधेच घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. मला फार आनंद झाला. आणि आनंद झाला म्हणून लगेच भीती वाटली.

कारण खर्च काय तर थोडी वायर. मग हा माणूस इतका का राबतोय? घर रस्त्याला लागून, मागेपुढे कोणी नसलेली मी एकटी, आणि हल्ली पर्यटकांना खोल्या देण्यासाठी जो तो जागा शोधतोय. की ह्यांचा डोळा स्पीकरवरच आहे? जुन्या स्पीकरांना मुंबईत किंमत येते असं कोणीतरी बोललं होतं. आतला माल काढून घेतला आणि डुप्लिकेट घातला, तर मला काय कळणार? शेवटी मी लाल नेलपॉलिश आणलं. ह्या वयात ते विकत घेताना दुकानातली मुलगी माझ्याकडे बघून हसली, आणि मला तिचाही संशय आला. स्पीकरच्या मागच्या स्क्रूंवर एकेक ठिपका दिला, अर्धा स्क्रूवर, अर्धा लाकडावर, म्हणजे कोणी फिरवला तर ठिपका मोडणार.

ते आले, वाकले आणि त्यांनी ठिपके बघितले. मी उगाच खिडकीचा पडदा सारखा करत राहिले. "बाईनू, ह्या उघडूक व्हया. तुमी हयसरच बसा," ते म्हणाले. माझ्यासमोर एकेक स्क्रू काढला, आतलं सगळं दाखवलं, परत बंद केलं. मग म्हणाले, "आता खूण परत करा. तुमच्या मनाक बरा वाटात." त्यांच्या आवाजात मी टोमणा शोधत होते. रात्री जेवतानाही शोधत होते. सापडला नाही.

तुला तो वेंगुर्ल्याचा मुलगा आठवतो? मला बघायला आला होता, आणि मला तो आवडला होता. तू त्याच्या गल्लीत सुक्या मासळीची टोपली घेऊन गेलीस, दारोदार सुंगटं विकत त्याची चौकशी करून आलीस. संध्याकाळी चुलीपुढे बसून भाकरी थापता थापता म्हणालीस, "नको. भारी गोड बोलता." मी विचारलं, गोड बोलण्यात वाईट काय? "तुझो बापूसय गोडच बोलायचो. तू गप रव." बाबा मुंबईला गेले होते, तिथून आधी मनीऑर्डर यायची बंद झाली होती आणि मग पत्रं. मी तव्यावरची भाकरी उलटली. तुझं बरोबर होतं की नाही, हे मला अजून कळलेलं नाही. त्या मुलाचं पुढे काय झालं ते मी कधी कोणाला विचारलं नाही. तो भला निघाला असता, तर मला तुझ्याशी भांडावं लागलं असतं.

तर, स्पीकर. बाकी सगळं सुधारलं तरी डावा मात्र आठ-पंधरा दिवसांनी मुका व्हायचा. ते यायचे, वायरची टोकं खरवडायचे, आवळायचे, मग नीट वाजतो का बघायला म्हणून तासभर बसायचे. चहा व्हायचा. मला खात्रीच होती की हे मुद्दाम सैल ठेवून जातात. ते गेले की मी वायर ओढून बघायची. घट्ट असायची. खाऱ्या वाऱ्याने तांबं हिरवं पडतं, असं ते सांगायचे आणि मी मान डोलवायची, विश्वास न ठेवता. मागच्या खेपेला त्यांनी नवी वायर आणली, टोकांना कथील वितळवून डाग दिला, स्क्रू पक्के आवळले. "झाला. आता तुमका माझो तरास नाय," म्हणाले आणि चहा न घेताच गेले.

त्यानंतर डावा एकदाही बंद पडला नाही. म्हणजे माणूस खरा होता. माझा संशय खोटा ठरला, मला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. दोन्ही बाजूंनी इतका स्वच्छ आवाज येत होता आणि मी मधे एकटी बसले होते. घर खायला उठलं. ते रस्त्याने जाताना दिसले, हात केला आणि पुढे गेले. त्यांना थांबायला आता कारणच उरलं नव्हतं.

आज सकाळी मी त्यांना फोन करून सांगितलं की डावा परत मुका झाला. ते फक्त "येतंय" म्हणाले. चहाचं आधण ठेवलंय आणि हा कागद त्यांच्या नजरेला पडायच्या आत मला कपाटात टाकायचाय. घट्ट आवळलेला स्क्रू महिन्याभरात आपोआप सैल होत नाही, हे त्यांना मागे वाकल्याबरोबर कळेल. तू असतीस तर वाकायचीही गरज पडली नसती, पहिला संशय तू माझ्यावरच घेतला असतास. आणि आये, ह्या वेळी तो खरा ठरला असता.